घर पाहावं उचलून

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं आपले पूर्वज सांगून गेले. या दोन गोष्टींत माणसाची व्हायची तेवढी दमछाक होते, तिसरी कशाला शोधा, असा त्यांचा हिशेब असावा. पण त्या बिचाऱ्यांना डांबरी रस्ता माहीत नव्हता. आता या म्हणीला एक शेपूट जोडायची वेळ आली आहे. घर पाहावं उचलून.

'उचलून' हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतो आहे, बरं का. घरातलं सामान मालक दिवसा उचलतो, चोर रात्री उचलतो. त्यात नवल नाही. मी म्हणतो ते अख्खं घर. भिंती, छप्पर, गच्चीवरची टाकी आणि त्या टाकीवर बसलेला कावळा, यांच्यासकट. ते पायापासून सोडवायचं, तीन-चार फूट वर न्यायचं आणि खाली नवं जोतं बांधून त्यावर परत टेकवायचं. ऐकताना हे मारुतीने द्रोणागिरी उचलल्यासारखं वाटतं. फरक इतकाच की मारुतीने आधी कोटेशन दिलं नव्हतं.

चांगलं बसलेलं घर उठवायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर दारासमोरच असतं. रस्ता!

आमचं घर पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात, पवना नदीपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, मग भोसरी-आकुर्डीकडे एकामागून एक कारखाने आले, 1970 साली इथे नगरपालिका झाली आणि 1982 साली महानगरपालिका. या सगळ्या लाटेच्या शेपटाला धरून आमचे वडील साताऱ्याकडून आले आणि एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटले. 1986 साली त्यांनी सव्वा गुंठ्यावर घर बांधलं. फिटर माणूस मिलिमीटरमध्ये विचार करतो. त्यांनी रस्त्यापासून बरोबर तीन पायऱ्यांचं जोतं घेतलं आणि गवंड्याला बजावून सांगितलं, "पाणी माझ्या उंबऱ्याला हात लावता कामा नये."

वडिलांच्या हयातीत पाण्याने तो शब्द पाळला. रस्त्याने पाळला नाही. रस्ता दर तीन-चार वर्षांनी नवा होतो. नवा होतो म्हणजे जुन्यावरच नवा थर बसतो. मुदत ठेवीवर चक्रवाढ व्याज चढावं तसा तो चढत गेला. मी बारावीला असताना आमची पहिली पायरी गेली. बी. कॉम. होऊन बँकेत लागलो तोवर दुसरी गेली. माझ्या लग्नाची वरात दारात आली तेव्हा तिसरीही गेलेली होती आणि नवरी थेट रस्त्यावरून उंबऱ्यात आली. आता रस्त्यावरून आमच्या घरात यायचं तर दोन पायऱ्या उतराव्या लागतात. "वर या ना," म्हटलं की पाहुणे गोंधळतात.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. दारात काढलेल्या चपला आमच्याआधी स्वयंपाकघरात पोचतात. एकदा एक बेडूक देवघरासमोर इतका स्थिर बसला होता की आईने त्यालाही हळदकुंकू वाहिलं. रस्त्याचा वरचा थर यंत्राने खरवडून काढायचा आणि मगच नवा टाकायचा, अशी शास्त्रशुद्ध पद्धत जगात आहे. तसली यंत्रंही आहेत. मोठ्या रस्त्यांवर मी ती चालताना पाहिली आहेत. पण आमच्यासारख्या गल्लीत ती शिरत नाहीत. बहुधा दोन पायऱ्या उतराव्या लागतील म्हणून असेल.

अशा वेळी आमच्या समोरच्या काकांनी गल्लीतला पहिला धाडसी निर्णय घेतला. निवृत्तीचे पैसे हातात आले, मुलगा म्हणाला फ्लॅट घेऊ, आणि काका म्हणाले, "मी घर सोडणार नाही. घरालाच वर घेतो."

हे काम करणारी बरीच मंडळी हरियाणाकडची असतात. त्यांचा मुकादम आला, त्याने भिंतीवर हात फिरवला आणि डॉक्टरने 'ऑपरेशन करावं लागेल' म्हणावं त्या सुरात म्हणाला, "उठ जाएगा." मग पुढचा दीड महिना आमच्या गल्लीत कुणी दूरदर्शन लावलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

ही सगळी कृती मी शनिवारच्या सुट्ट्या खर्चून पाहिलेली आहे, म्हणून सांगतो. आधी घराच्या चारी बाजूंनी खणतात. मग जोत्याखालची भिंत थोडी थोडी फोडतात. सगळी एकदम नाही. हातभर फोडायची, तिथे लोखंडी चॅनेल सरकवायचं, त्याखाली जॅक बसवायचा आणि मग पुढचा हातभर. मोटारीचं चाक बदलताना वापरतात त्याचीच ही थोरली भावंडं. असे शेकडो जॅक ओळीने बसले की घराचं सगळं वजन पायावरून निघून जॅकवर येतं. त्या क्षणी घर आणि पाया यांचा काडीमोड होतो. मग मुकादम आवाज देतो आणि सगळे कामगार एकाच वेळी आपापला जॅक ठरलेला तेवढाच फिरवतात. कुणी उत्साहाने जास्त फिरवायचा नाही, कुणी विडी ओढत कमी फिरवायचा नाही. एक कोपरा पुढे गेला की भिंतीला तडा गेलाच म्हणून समजा. भारतीय माणसं एका वेळी, एका दिशेने, एकाच मापाने काही करताना मी राष्ट्रगीतानंतर प्रथमच पाहिली.

चारी कोपरे सारखे चढले की नाहीत हे कशाने बघतात, माहीत आहे? गवंड्याकडे असते तसल्या पारदर्शक नळीत पाणी भरून. नळीची एक बाजू या कोपऱ्याला धरायची, दुसरी त्या कोपऱ्याला. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर आलं की ठीक. ज्या पाण्याला भिऊन घर उचलायचं, त्याचीच साक्ष काढून ते सरळ आहे की नाही ते ठरवायचं. पाणी खोटी साक्ष देत नाही आणि कुणाच्या ओळखीचंही नसतं.

एक गोष्ट मात्र मला आधी ठाऊक नव्हती. घर वर जातं, पण तळमजल्याची फरशी जात नाही! ती असते तिथेच, जमिनीवर, राहते. भिंती वर निघून गेल्या, दारं अधांतरी लटकली आणि काकूंची रोज पुसलेली, रांगोळीचे डाग धरून बसलेली शहाबादी फरशी उघड्यावर पडली. पुढे तिच्यावर मुरूम भरतात, चोपतात आणि वर नवी फरशी घालतात. काका-काकू त्या दिवसांत वरच्या मजल्यावर राहत होते. मुकादमाने सांगितलंच होतं, "टेबल पर रखी चाय भी नहीं हिलेगी." काकांनी खरोखर कप ठेवून पाहिला. चहा हलला नाही, निवला मात्र. रोज इतके लोक चौकशीला येत की काकांना तो प्यायला सवड मिळेना.

इथवर सगळी गंमत. पण गल्ली म्हटली की तत्त्वज्ञान आलंच. कट्ट्यावर पहिला प्रश्न निघाला तो असा की, हे घर आता तेच का? पाया जुना, जोतं नवं, भिंती जुन्या, फरशी नवी. पत्ता तोच, पण उंची वेगळी. एका वकिलांचं म्हणणं पडलं की घर तेच. एका शास्त्रीबुवांचं मत की वास्तुशांत पुन्हा करावी लागेल. मला विचाराल तर या प्रश्नात फारसा दम नाही. वीजबिल त्याच नावावर येतं, कर तोच भरावा लागतो आणि भिंतीवरची नातवंडांच्या उंचीची पेन्सिलीची रेघ जिथल्या तिथे आहे. ज्या घरात ती रेघ आहे ते घर तेच. फरक पडला असेल तर तो नातवंडांत, कारण तीही मधल्या काळात जॅकशिवाय वर गेलेली आहेत.

खरा प्रश्न पुढच्या पावसाळ्यात आला, आणि तो कट्ट्यावर आला नाही. आमच्या स्वयंपाकघरात आला. त्या साली आमच्याकडे पाणी चार बोटं जास्त चढलं.

यात चमत्कार काहीच नव्हता. आजवर गल्लीतल्या पावसाचे वाटे पडायचे. थोडं पाणी काकांकडे, थोडं आमच्याकडे, थोडं मागच्या बाजूला. काकांनी अंगणात मुरूम भरला, त्यांचा वाटा बंद झाला. पाणी काही आटलं नाही. ते आमच्या खात्यावर वर्ग झालं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला सरांनी शिकवलेलं पहिलं वाक्य मला गुडघाभर पाण्यात उभं असताना आठवलं. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतेच. ताळेबंद जुळला म्हणजे सगळ्यांचं भलं झालं असं नव्हे. एवढंच की एकाचं वर गेलं तेवढं दुसऱ्याचं खाली आलं आणि बेरीज बरोबर आली.

आता सांगा, काकांचं काय चुकलं? मी बराच विचार केला. आपल्या सोबतीसाठी त्यांनी आयुष्यभर पाण्यात बसून राहावं, असं म्हणणं म्हणजे फारच झालं. बुडताना शेजारी सोबत असला तर बरं वाटतं हे खरं, पण तो काही त्याच्यावर आपला हक्क नव्हे. त्यांनी रस्ता वाढवला नाही, पाऊस पाडला नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर वर घेतलं. कुठल्याही कायद्यात, कुठल्याही पोथीत हा गुन्हा बसत नाही. आणि तरीही माझ्या स्वयंपाकघरात पाणी होतं. कुणाचाही अपराध नसताना कुणाचंतरी नुकसान होतं, या प्रकाराला नीतिशास्त्रात काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्या घरात त्याला त्या पावसाळ्यात 'समोरचं पाणी' म्हणत.

घरं उचलण्याची कल्पना काही आपली नव्हे. अमेरिकेत शिकागो नावाचं शहर आहे. स्वामी विवेकानंद तिथे 1893 साली गेले म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या कितीतरी आधी, 1850च्या दशकात, ते शहर चिखलात होतं. तळ्याकाठची सपाट, खोलगट जमीन, सांडपाण्याला उतार नाही. 1854 साली पटकीने माणसं पटापट गेली, तेव्हा शहराने ठरवलं की गटारं जमिनीच्या वरून घालायची आणि त्यांवर भर टाकून अख्खे रस्ते कित्येक फूट वर घ्यायचे. म्हणजे घरं आपोआप खड्ड्यात! मग घरं उचलण्याचं सत्र सुरू झालं. 1858 साली तिथली पहिली विटांची इमारत उचलली. चार मजली, वजन 750 टन, 200 जॅक, उंची सहा फूट दोन इंच. 1860 साली तर लेक स्ट्रीटवरची 320 फूट लांबीची दुकानांची अख्खी रांग 600 माणसांनी 6000 जॅक फिरवून पाच दिवसांत चार फूट आठ इंच वर नेली. आत दुकानं चालू होती. गिऱ्हाईक आत जाताना एका उंचीवर आणि बाहेर येताना दुसऱ्या!

दुसऱ्या वर्षी ट्रेमाँट हाउस नावाचं सहा मजली हॉटेल उचललं, तेव्हा तिथले पाहुणेही मुक्कामाला होते. त्यातल्या एकाला फक्त एवढंच कोडं पडलं होतं, असं सांगतात, की दारातल्या पायऱ्या रोज आदल्या दिवसापेक्षा उभ्या का वाटतात. आमच्या पायऱ्या वर्षावर्षाने गेल्या, त्याच्या दिवसादिवसाने वाढल्या. हे हॉटेल उचलणाऱ्यांत जॉर्ज पुलमन नावाचा एक जवान गडी होता. पुढे रेल्वेचे झोपायचे डबे काढून तो गडगंज झाला. लोकांना झोपेत कसं हलवायचं हे तो आधीच शिकलेला होता.

शिकागोचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की तिथे उंची शहराने ठरवली. ज्याच्यात्याच्या मर्जीवर सोडली नाही. पण तिथेही एक मेख होतीच. रस्ता सरकारी, घर मात्र ज्याने त्याने आपल्या खर्चाने उचलायचं. ज्यांना झेपलं नाही त्यांची घरं खालीच राहिली. पिल्सेनसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आजही काही घरांची अंगणं रस्त्याच्या पातळीखाली आहेत म्हणे. वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कधी गेलोच तर तिथे पत्ता न विचारता पोचेन.

आणि मुंबईचं उदाहरण तर ताजंच आहे. अंधेरीचा गोखले पूल नव्याने बांधला आणि 2024च्या फेब्रुवारीत त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा असं दिसलं की त्याला जोडून असलेला बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला आहे. दोघे शेजारी-शेजारी, पण बोलणं बंद. मग जॅक आणून बर्फीवाला पुलाची एक बाजू 1397 मिलिमीटर आणि दुसरी 650 मिलिमीटर उचलली आणि जुलैमध्ये दोघांचं मनोमीलन झालं. मिलिमीटरचे आकडे वाचून आमचे वडील खूष झाले असते. मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. दोन शेजाऱ्यांच्या उंचीत फरक पडला की धाकट्याने वर यायचं असतं. थोरल्याला 'जरा खाली या' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. पुलाचं ठीक आहे, त्याला कुणीतरी जॅक आणून दिले. आमच्या मागच्या आजींना कोण देणार?

आजींबद्दल मी अजून बोललोच नाही. आता बोलायलाच हवं, कारण काकांनंतर घर उचलायची पाळी आमची आहे.

आमच्या मागच्या भिंतीला लागून एक आजी राहतात. इथल्या मूळच्या. हा सगळा भाग त्यांच्या सासरच्या शेतात होता. आमचा सव्वा गुंठाही वडिलांनी त्यांच्याच यजमानांकडून घेतलेला. घराचं बांधकाम झालं तेव्हा नळ नव्हता. विटा भिजवायला, सिमेंट कालवायला, भिंतींवर मारायला सगळं पाणी आजींच्या विहिरीचं. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांचं स्वतःचं घर दगडमातीचं, वर पत्रा. मुकादमाला मी सहज विचारलं, "याचं काय?" त्याने लांबूनच मान हलवली. "ये नहीं उठेगा साब. हाथ लगाया तो बैठ जाएगा." म्हणजे जॅक लावायचा तर घरात मुळात तेवढा दम हवा. वर जायला आधीच थोडं वर असावं लागतं. बँकेत कर्जाचंही असंच आहे. ज्याला खरी गरज असते त्याच्याकडे तारण नसतं.

तर हिशेब असा की आम्ही तीन फूट वर गेलो, अंगणात मुरूम भरला, की आमचा आणि काकांचा असा दोन्ही वाटा आजींच्या घरात. त्यांच्या विहिरीचं पाणी आम्ही जवळजवळ चाळीस वर्षांनी व्याजासकट परत करणार, ते थेट त्यांच्या चुलीपाशी.

मी जाऊन त्यांना हे सांगितलं. म्हटलं, आधी बोललेलं बरं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "उचल की रं बाबा. तुमचं घर बुडतंय, तर मी काय नको म्हणू? माझं पाणी मी बघीन."

घरी येऊन आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं, "त्यांची काही हरकत नाही."

ती म्हणाली, "हीच तर पंचाईत आहे. भांडल्या असत्या तर उद्या उचललं असतं."

तत्त्वज्ञानाची पुस्तकं मी फारशी वाचलेली नाहीत, पण या एका वाक्यात जेवढं तत्त्वज्ञान आहे तेवढं त्यांत असेल की नाही याची मला शंका आहे. समोरचा भांडला की आपण हक्काची भाषा बोलतो आणि हक्काची भाषा बोलायला सोपी असते. समोरच्याने 'हरकत नाही' म्हटलं की आपल्याला स्वतःशीच बोलावं लागतं. पंढरपूरला विठ्ठलाच्या दारात नामदेवाची पायरी आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून त्याने स्वतःहून खाली राहणं पत्करलं. पण ते नामदेवाने पत्करलं, कुणी त्याच्यावर सोपवलं नाही. आजींची 'हरकत नाही' ही नामदेवाची पायरी आहे, की नुसती सवय आहे? आणि सवय असेल, तर तिच्यावर पाय ठेवून वर जायचं का?

हे फक्त आमच्या गल्लीचं नाही, हेही मग डोक्यात येऊ लागलं. आमचं सबंध शहरच एका अर्थी उचललेलं घर आहे. आमच्या नळाला येतं ते पवनेचं पाणी. मावळात पवनेवर धरण झालं तेव्हा शेतं बुडाली, गावं उठली. त्या जलाशयात वाघेश्वराचं एक जुनं दगडी मंदिर आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ते पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. तिकडे इजिप्तमध्ये आस्वान धरणात बुडू नयेत म्हणून अबू सिंबेलची देवळं 1964 ते 1968 या काळात दगड कापून-कापून 65 मीटर वर नेऊन परत जशीच्या तशी उभारली. सगळं जग मदतीला धावलं. आमच्या वाघेश्वराला कुणी उचललं नाही. उन्हाळ्यात आम्ही स्कूटर काढून त्याचे फोटो काढायला जातो आणि येताना भजी खातो.

आणि 2011च्या 9 ऑगस्टला, क्रांतिदिनीच, पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. ती योजना पुढे कित्येक वर्षं स्थगित राहिली. विनोदी लेखात ही गोष्ट बसत नाही, मला कळतं. पण नळ सोडल्यावर ती आठवतेच. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी आलं की आम्ही फार कुरकुर करतो. पाणी कुणाच्या घरून येतं ते आपण विचारत नाही आणि कुणाच्या घरात जातं तेही विचारत नाही. मधल्या मध्ये ते आपल्याला चोवीस तास हवं असतं, एवढंच आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

मग काय, घर उचलायचंच नाही का? छे! एवढा विरक्त मी झालेलो नाही. आई पंच्याहत्तरीची आहे, तिला दर पावसाळ्यात पलंगावर बसवून ठेवणं हा काही धर्म नव्हे. उचलणं पाप नाही. या विषयात मला जे काही म्हणायचं आहे ते मराठीने आधीच एका शब्दात म्हणून ठेवलेलं आहे, आणि तो शब्द आमच्या बँकेतलाच आहे. उचल!

उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. कारखान्यात कामगार सणाला उचल घेतो, ऊसतोडीला निघालेलं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. उचल घेणारा चोर नसतो. पण उचल ही बक्षीसही नसते. ती ज्याची घेतली त्याच्या नावाने वहीत लिहावी लागते आणि फेडावी लागते. घराची उचलही तशीच. तीन फूट उंची आकाशातून येत नाही. आपण ती शेजाऱ्यांकडून उचल म्हणून घेतो. घ्यावी. पण वहीत लिहावी.

म्हणून मी मुकादमाचं कोटेशन घेऊन बसलो. जॅक, चॅनेल, मजुरी, विटा, मुरूम, फरशी, सगळं त्यात होतं. मी विचारलं, "आणि पाणी? ते कुठे जाणार?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "साब, वो तो कोटेशन में नहीं है."

तेव्हापासून मी बऱ्याच कोटेशनांकडे त्याच नजरेने बघतो आहे. उंच इमारतींची, रुंद रस्त्यांची, भरघोस पगारवाढीची. सगळ्यांत सगळं असतं, ही एक ओळ नसते.

आमच्या कोटेशनात ती मी स्वतःच्या अक्षरात शेवटी लिहिली. आमच्या आणि आजींच्या भिंतीच्या मधून मोठ्या व्यासाचा पाइप, पुरेशा उताराने थेट नाल्यापर्यंत, आणि त्यावर त्यांच्या अंगणाच्या पातळीला जाळी. खर्च चांगलाच वाढला. तो वळता करण्यासाठी आम्ही नवी फरशी साधी घ्यायचं ठरवलं. सौभाग्यवतींच्या मनात चकचकीत पांढरी होती. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "नाहीतरी जुनी फरशी खालीच राहणार आहे ना? मग वरची कशी का असेना."

समोरच्या काकांकडेही गेलो. त्यांना म्हटलं, तुमचंही पाणी त्याच पाइपातून जाणार आहे. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नव्या, उंच ओट्यावर ते बसले होते आणि मी खाली रस्त्यावर उभा होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मग ते उठले, तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि म्हणाले, "अर्धा खर्च माझा. पण एक सांग, हे मला दोन वर्षांपूर्वीच का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "काका, तेव्हा पाणी माझ्याच घरात होतं. आजींच्या घरात जाणार म्हटल्यावर सांगायचं बळ आलं."

मुकादम दिवाळीनंतर येणार आहे. आजींना पाइपाचं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मंग ती जाळी माझ्या अंगणात बसल न्हवं? तिच्यावर मला तांदूळ वाळत घालता येत्याल का?" मी म्हटलं, येतील. कोटेशनात ते लिहिलेलं नाही, पण जाळीची भोकं बारीक घ्यायला सांगणार आहे.